जनरल रजिस्टर नंबर : शाळा वाढताना नोंदींचे काय होते?

आपल्या मागच्या दोन पिढ्यांतल्या माणसांना जन्मतारीख विचारली, तर ‘१ जून’ हे उत्तर फार वेळा येते. कारण सगळ्यांना माहीत आहे. शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला मुलाची जन्मतारीख ठाऊक नसे. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई, तेव्हा वय बसेल असे साल धरून गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. पण त्या एका ओळीवर पुढे नोकरी, बढती आणि निवृत्ती ठरली. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांमधून निरोपसमारंभांची रांग लागते. गुरुजींनी सोयीसाठी लिहिलेली तारीख साठ वर्षे कोणी पुसू शकले नाही.

शाळेच्या नोंदीची ताकद एवढी असते, आणि ती नोंद करणारा माणूस बहुधा घाईत असतो. शाळा एकच असते तेव्हा ही घाई निभावून जाते. एकीच्या दोन, दोनांच्या पाच शाळा होतात तेव्हा काय घडते, हा या लेखाचा विषय आहे.

शिक्षणशास्त्राची किंवा संगणकाची पदवी माझ्याकडे नाही. पुण्यातल्या जुन्या शाळांचे अहवाल आणि नोंदवह्या वाचण्याचा नाद लागला, आणि त्या नादापायी लहान संस्थांचे चालक अधूनमधून विचारायला येऊ लागले. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘हडपसरला दुसरी शाखा काढतोय, कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?’ मी उलट विचारतो, ‘पहिल्या शाळेचा पट किती, याचे उत्तर मुख्याध्यापक, कारकून आणि फी घेणारा माणूस हे तिघे एकच देतात का?’ बहुतेक वेळा देत नाहीत. मुख्याध्यापक नोंदवहीतला आकडा सांगतात, कारकून सरकारला कळवलेला, आणि तिसरा फी भरलेल्यांचा. तिघेही आपापल्या जागी खरेच बोलत असतात. ‘पट’ म्हणजे काय, हे मात्र कोणी ठरवलेले नसते.

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. भिडे वाड्यातल्या १८४८ च्या शाळेची कथा सर्वांना माहीत आहे. त्यानंतरचा विस्तार मात्र कमी सांगितला जातो. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात, १७ सप्टेंबर १८५१ रोजी रास्ता पेठेत आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत, अशा मुलींच्या तीन शाळा फुले दांपत्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या आत उभ्या केल्या. आजच्या भाषेत हा शाळांचा समूहच झाला. त्यांना व्यवस्थापक मंडळी होती, अहवाल लिहिले जात आणि मुख्य म्हणजे जाहीर परीक्षा होत. गावातले लोक जमत, मुली उभ्या राहून वाचून दाखवत. अहवालात इतक्या मुली शिकतात असे लिहिले, तर तितक्या मुली लोकांसमोर उभ्या करण्याची तयारी ठेवावी लागे. नोंद आणि वास्तव यांची गाठ घालून देण्याची याहून सरळ रीत मला अजून सापडलेली नाही.

पुढे न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये निघाले, त्यातून १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. शाळा दहा वर्षांची होते न होते, तोच आजीव सदस्यांनी बाहेरचे उत्पन्न घ्यावे की नाही, यावरून वाद विकोपाला गेला आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. त्या वादात तत्त्वे होती, स्वभाव होते. पण आरंभी आपले काय ठरले होते, हाही त्यातला एक कळीचा प्रश्न होता. चार मित्रांना जे न बोलता कळते, ते संस्था वाढली की लिहून ठेवावे लागते.

आता नोंदवहीकडे येऊ. प्राथमिक शाळेत तिला ‘रजिस्टर नंबर एक’ म्हणतात, माध्यमिक शाळेत ‘जनरल रजिस्टर’. मूल दाखल झाले की त्याला एक अनुक्रमांक मिळतो. नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात, आधीची शाळा आणि शेवटी शाळा सोडल्याची तारीख व कारण, एवढे सगळे एका आडव्या ओळीत बसते. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे याच ओळीची नक्कल. ही वही कायम जपायची असते आणि मूल शाळा सोडून गेल्यावर तिच्यात फेरबदल सहजासहजी होत नाही. दुरुस्ती करायचीच, तर जुना मजकूर वाचता येईल अशी एक रेघ मारून वर नवा लिहायचा आणि मुख्याध्यापकांनी सही-तारीख करायची. खाडाखोड चालत नाही. हा नियम ज्याने घालून दिला, तो माहितीशास्त्राचा मोठाच जाणकार होता, असे मला वाटते. आज अनेक शाळांचे संगणक जुनी माहिती निमूट पुसून त्यावर नवी लिहितात; कोणी, कधी, का बदलले याचा मागमूस राहत नाही.

दुसरी शाखा निघाली की ही व्यवस्था तीन ठिकाणी उसवते.

पहिली जागा मुलाच्या ओळखीची. सरकार शाळा मोजते, संस्था नव्हे. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक असतो : पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, मग दोन तालुक्याचे किंवा विभागाचे, तीन गावाचे आणि दोन शाळेचे. महाराष्ट्राचे २७, पुणे जिल्ह्याचे २५. एकाच आवारात एकाच संस्थेची प्राथमिक आणि माध्यमिक शाळा असली, तरी त्यांचे क्रमांक पुष्कळदा वेगळे असतात. चौथी संपवून पाचवीत जाणारे मूल फक्त अंगण ओलांडते. कागदावर मात्र ते एक शाळा सोडते, दुसरीत दाखल होते आणि त्याचा जनरल रजिस्टर नंबर बदलतो. एका शाखेने नाव कमी केले नाही आणि दुसरीने दाखल करून घेतले, तर संस्थेच्या बेरजेत ते मूल दोनदा येते. उलट घडले तर एकदाही येत नाही. भर म्हणून विद्यार्थ्याचा पेन क्रमांक, अपार क्रमांक आणि आधार आहेतच. त्यातला आधारचा बारा अंकी आकडा एक्सेलच्या साध्या चौकटीत टाकला, की तो २.३४ई+११ अशा रूपात दिसू लागतो आणि कारकून घाबरून पुन्हा हाताने टाकतो. जो आकडा बेरजेसाठी नाही, तो आकडा नसून नाव आहे. त्याची चौकट आधीच ‘मजकूर’ म्हणून ठरवावी, एवढी साधी गोष्ट कोणी सांगितलेली नसते.

दुसरी जागा शिक्षकांची. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठीच्या १९८१ च्या नियमावलीप्रमाणे मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठ शिक्षकाला द्यायचे असते. संस्थेच्या अनेक शाळा असतील, तर त्या सर्व शाळांमधून ज्येष्ठता पाहायची असते. म्हणजे दुसरी शाळा निघाली त्या दिवसापासून दोन याद्यांची एक यादी व्हायला हवी. ती झाली नाही, तर पंधरा वर्षांनी दोन शिक्षक आपापला नेमणुकीचा कागद घेऊन शाळा न्यायाधिकरणापुढे उभे राहतात. रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले या गावी निघाली आणि आज तिचा पसारा शेकडो शाखांचा आहे. तिच्याकडे शाळेला ‘शाखा’ म्हणतात, शिक्षक संस्थेचा मानला जातो, तो एका शाखेतून दुसरीत बदलून जातो आणि साताऱ्याच्या मध्यवर्ती कार्यालयाखाली विभागीय कार्यालये काम पाहतात. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात माणूस कुठल्या तारखेपासून कुठे होता, हे एका जागी नीट सापडणे म्हणजे त्या माणसाला न्याय मिळणे.

तिसरी जागा सगळ्यांत नाजूक. शिक्षकांची पदे ३० सप्टेंबरच्या पटावरून ठरतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक लागतो. चार मुले कमी झाली, तर एखादा शिक्षक अतिरिक्त ठरून दुसऱ्या गावी जातो. आकड्यावर कोणाची तरी चूल अवलंबून असली, की आकडा वाकू लागतो. नांदेड जिल्ह्यातल्या पडताळणीनंतर ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. तेच मूल दुसऱ्या शाळेत पुन्हा मोजले जाऊ नये, म्हणून मतदानासारखी बोटाला शाई लावली गेली. पटावरची लाखो मुले वर्गात सापडली नाहीत. तेव्हा सगळे बोगस विद्यार्थ्यांविषयी बोलले. मला त्यातली दुसरी बाजू अधिक टोचते : जे मूल पटावर हजर दिसते, पण प्रत्यक्षात वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेले असते, त्याला शोधायला कोणी जात नाही. खोटा पट शासनाचे पैसे खातोच. पण गळालेल्या मुलाची गळतीसुद्धा तो लपवतो.

मग नवी शाखा काढणाऱ्याने करावे काय? माझ्या मते पाच गोष्टी पुरेत. एक, पट, उपस्थिती, नवा प्रवेश, गळती या शब्दांचे अर्थ एका पानावर लिहून सर्व शाखांत सारखे लावावेत. दोन, शाळेचा जनरल रजिस्टर नंबर राहू द्यावाच, पण संस्थेने प्रत्येक मुलाला एक कायमचा क्रमांक द्यावा. शाखा बदलली तरी तो बदलू नये. तीन, माहिती एकदाच लिहावी, आणि ती मूल जिथे बसते त्या शाखेने लिहावी. मध्यवर्ती कार्यालयाने वाचावी, तपासावी, परस्पर बदलू नये. चार, दुरुस्ती जुन्या वहीच्या रीतीने करावी : जुने दिसत राहील, नव्याखाली सही असेल. पाच, वर्षातून दोनदा एका शाखेच्या लोकांनी दुसऱ्या शाखेत जाऊन वर्गातली डोकी मोजावीत, आणि प्रत्येक पालकाला आपल्या मुलाची ओळ वाचायला द्यावी. ही त्या जाहीर परीक्षेचीच धाकटी बहीण. नावातला काना-मात्रा आईइतका चटकन कोणी ओळखत नाही.

यांपैकी एकाही गोष्टीला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. पण या पाच गोष्टी नसतील, तर सॉफ्टवेअर गोंधळ फक्त वेगाने पसरवते. एका शाखेतली चूक आधी एका कपाटात राहायची. आता ती रात्रीतून पाच शाखांत पोहोचते.

माहिती किती घ्यावी, हाही प्रश्न आहे. आधार, जात, आजार, बापाचे उत्पन्न, सगळे एका फॉर्मवर आणि तो फॉर्म वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर, असे प्रकार मी पाहिले आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानले आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व घालून दिले आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी साधा विवेक सांगतो की जी माहिती वापरायची नाही ती मागू नये, आणि जी मागितली ती कपाटाच्या किल्लीइतकी जपावी.

जपायची कशासाठी, याचे उत्तर अलीकडेच महाराष्ट्राने पाहिले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि महसुली कागदांबरोबर शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या व जनरल रजिस्टरेही उघडली गेली. कितीतरी मजकूर मोडीत होता. जातपडताळणीत जुन्या दाखल्याला वजन असतेच. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० या तारखांपूर्वीचा पुरावा शोधत माणसे आजोबांच्या शाळेच्या पायऱ्या चढतात. आरक्षणाविषयी कोणाचे मत काहीही असो. वाळवीने खाल्लेल्या वहीमुळे एखाद्याचा दावा ना खरा ठरतो ना खोटा, तो नुसता लोंबकळतो.

शाळा काढणाऱ्यांना इमारत, मैदान आणि निकाल यांचा अभिमान असतो, आणि तो असावाही. पण इमारती पाडल्या जातात, निकाल विसरले जातात. शंभर वर्षांनी संस्थेकडे कोणी येईल, तेव्हा तो एका मुलाची ओळ मागायला येईल. ती ओळ संस्थेच्या मालकीची नसते. ती त्या मुलाची असते आणि संस्थेकडे फक्त ठेव म्हणून असते. नव्या शाखेच्या कोनशिलेआधी ही ठेव कुठे आणि कोणाच्या हाती राहणार, एवढे ठरवले, तरी विस्ताराचे निम्मे काम झाले असे समजावे.