बर्फावरची हॉकी आणि भाकितांचा बाजार

संभाव्यतेचा पाठ म्हटला की आपल्यापुढे नाणी आणि फासे येतात. अमेरिकेत मात्र हेच गणित सध्या खऱ्या पैशांनिशी, बर्फावरच्या हॉकीच्या सामन्यांवर मांडले जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथील नॅशनल हॉकी लीगने कालशी आणि पॉलिमार्केट या दोन कंपन्यांशी करार केले आणि या 'भाकितांच्या बाजारा'ची चर्चा घरोघरी पोहोचली.

व्यवहार असा. 'अमुक संघ जिंकेल' हा करार विकत घ्यायचा. संघ जिंकला तर एक डॉलर, म्हणजे १०० सेंट मिळतात. हरला तर काहीच नाही. करार ६० सेंटला मिळत असेल तर बाजाराच्या मते विजयाची संभाव्यता सुमारे ०.६ आहे. ६० सेंट देणाऱ्यासमोर, संघ हरेल असे मानून उरलेले ४० सेंट देणारा कोणीतरी असतोच. सामना संपला की शंभरच्या शंभर सेंट एकाकडे जातात. नवे धन काही निर्माण होत नाही, उलट व्यवहार जुळवणारी कंपनी शुल्क घेते. म्हणजे सर्वांचा हिशेब एकत्र केला तर बेरीज उणेच येते. जाहिरातीत हे गणित सोडवून दाखवत नाहीत!

करार सामना चालू असतानाही विकता येतो, त्यामुळे भाव सतत हलतो. १२ जून २०२५ चा स्टॅनले कप अंतिम मालिकेतील चौथा सामना पाहा. वीस मिनिटांच्या पहिल्या सत्रानंतर फ्लोरिडा पँथर्स ३-० ने पुढे होता. अशा वेळी एडमंटन ऑइलर्सचा भाव कोसळणारच. पण एडमंटनने दुसऱ्या सत्रात बरोबरी साधली, तिसऱ्यात आघाडी घेतली. शेवटची वीस सेकंदेही उरली नसताना फ्लोरिडाने पुन्हा बरोबरी केली आणि जादा वेळेत लिऑन ड्रायसायटलच्या गोलाने एडमंटन ५-४ असा जिंकला.

मग पहिल्या सत्रानंतर एडमंटनला कमी लेखणारे चुकले का? एका सामन्यावरून ते ठरत नाही. दहा टक्के शक्यतेची गोष्ट दहांतून एखाद्या वेळी घडायचीच. १० सेंटला विकलेले शेकडो करार तपासावेत आणि त्यांतले साधारण एक दशांश खरे ठरले का, ते पाहावे. बाजाराची परीक्षा अशी घ्यावी लागते.

हा जुगार की वायदेबाजार, यावर अमेरिकेतील काही राज्ये आणि कंपन्या न्यायालयात भांडल्या आहेत. नाव बाजाराचे असले, तरी सामन्यावर पैसे लावणाऱ्याच्या खिशाला फरक पडत नाही, असे आम्हांस वाटते. आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला आहे.

गणित मात्र बिनपैशाचेही करता येते. आंतरवर्गीय कबड्डीच्या प्रत्येक सामन्याआधी आपला अंदाज टक्क्यांत वहीत लिहा. वीसेक सामने झाले की, जेथे सत्तर टक्के लिहिले होते त्यांतले किती खरे ठरले, ते मोजा आणि वही गणिताच्या सरांना दाखवा.