आपले संकेतस्थळ : स्वतः बांधावे की तयार घ्यावे?

रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या संस्थेचे स्वतःचे संकेतस्थळ असावे, असा विचार विश्वस्त मंडळात झाला आणि लागलीच दोन मते पडली. एक पक्ष म्हणतो, आपल्याच मुलांनी ते अथपासून इतिपर्यंत लिहून काढावे. दुसरा म्हणतो, तयार साधने असताना हा खटाटोप कशाला? सभासद बंधुभगिनींस या वादाचे मर्म कळावे, म्हणून शिक्षकाच्या नात्याने आम्ही चार शब्द लिहीत आहोत.

संकेतस्थळ म्हणजे वस्तुतः लिहिलेली पाने. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत १९८९ साली ही कल्पना मांडली व १९९१ साली ती जगापुढे आली. पानाचा सांगाडा एचटीएमएल भाषेत, त्याचा पोशाख सीएसएसमध्ये व त्याची हालचाल जावास्क्रिप्टमध्ये लिहितात. या भाषा वापरण्यास कोणाची परवानगी लागत नाही, आणि त्या पहिल्या काळच्या रीतीने लिहिलेले साधे पान आजही उघडते.

मग तयार साधने कशासाठी? तर प्रत्येक ठिकाणी तीच ती कामे पुन्हा करावी लागतात म्हणून. अर्जाचा तक्ता मांडणे, मोबाइलवर व संगणकावर पान नीट बसविणे, ही कामे हजारांनी पूर्वीच केलेली आहेत. ‘बूटस्ट्रॅप’ (२०११) व ‘रिॲक्ट’ (२०१३) हे असेच तयार सांगाडे. ‘वर्डप्रेस’ (२००३) तर संगणकाची भाषा न येणाऱ्यासही पान लिहू देते. जगातील दर पाच संकेतस्थळांपैकी सुमारे दोन त्यावर उभी आहेत. ईदला आपण शेवया बाजारातून आणतो, पण म्हणून शिरखुर्मा परका होत नाही. तयार साधन घेण्यात कमीपणा मुळीच नाही.

तथापि, साधन दुसऱ्याचे असले की किल्लीही दुसऱ्याच्या हाती राहू शकते. ‘पॉलीफिल’ नावाचा एक उपयुक्त तुकडा असंख्य संकेतस्थळे परस्पर दुसऱ्याच्या पत्त्यावरून मागवीत असत. २०२४ साली त्या पत्त्याची मालकी बदलली, आणि थोड्याच महिन्यांत त्यातून वाचकांना भलत्याच ठिकाणी नेणारा मजकूर येऊ लागला. एक लाखाहून अधिक संकेतस्थळांना त्याची झळ पोचली. त्यांच्या चालकांनी स्वतः काहीच बदलले नव्हते.

मराठी वाचकांना हा धडा पूर्वीच मिळालेला आहे. प्रारंभी अनेक मराठी संकेतस्थळे आपापल्या खासगी अक्षरसंचात लिहिलेली असत. तो संच संगणकावर नसला की पडद्यावर नुसती अगम्य चिन्हे दिसत. पुढे युनिकोडमुळे देवनागरी सर्वांची सामाईक झाली. जुना मजकूर मात्र कित्येकांना पुन्हा रूपांतरित करावा लागला.

आपलाही अनुभव फारसा वेगळा नाही. काही वर्षांपूर्वी एका होतकरू तरुणाने एका फुकट सेवेवर आपल्या संस्थेचे पान मोठ्या हौसेने उभे केले होते. पुढे ती सेवा बंद पडली, तरुण नोकरीनिमित्त परदेशी गेला, आणि परवलीचा शब्द कोणापाशीच राहिला नाही. जुन्या कार्यकर्त्यांची छायाचित्रे गेली, ती गेलीच. त्याच जूनमध्ये आमच्या वर्गातील एका गुणी मुलीला शिष्यवृत्तीची अखेरची तारीख कोठेच दिसली नाही, आणि तिचा अर्ज राहून गेला. तिच्या वडिलांनी आम्हांला एकच प्रश्न केला, “गुरुजी, लिहिले कोठे होते?” त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

म्हणजे सर्व काही घरीच लिहावे काय? तेही तितकेसे सुरक्षित नाही. जे एकट्यालाच समजते, ते त्याच्याबरोबर निघून जाते. आपल्या वडोदऱ्याचा लक्ष्मीविलास राजवाडा पाहा. त्याचा आराखडा करणारे मेजर चार्ल्स मँट १८८१ साली वारले, तरी रॉबर्ट चिझम यांनी काम पुढे नेले आणि १८९० साली राजवाडा पुरा झाला. एकाच्या हातचे काम दुसऱ्याला पुढे नेता आले, हे महत्त्वाचे. घरी लिहिलेल्या पानांसोबतही कोणालाही उमजेल अशी टिपणवही असलीच पाहिजे.

यास्तव आमची सूचना अशी आहे. माहितीची पाचसहा पाने आपल्या मुलांनी साध्या भाषेत स्वतः लिहावीत. त्यांना कोणत्याही सांगाड्याची गरज नाही, आणि मुलांचे शिक्षणही होईल. देणग्यांचा ऑनलाइन व्यवहार मात्र मान्यताप्राप्त सेवेकडेच सोपवावा. लोकांच्या पैशावर नवशिक्यांनी हात बसविणे योग्य नव्हे. नित्य बदलणाऱ्या सूचनांसाठी वर्डप्रेससारखे खुले साधन घ्यावे, पण त्याची डागडुजी वेळच्या वेळी करावी. संकेतस्थळाचा पत्ता व्यक्तीच्या नव्हे, संस्थेच्या नावे नोंदवावा. परवलीचे शब्द दोघा विश्वस्तांपाशी असावेत, मजकूर युनिकोडमध्ये असावा, आणि दरमहा त्याची एक प्रत आपल्या कपाटात यावी.

कोणतेही साधन घेताना एकच विचारावे : उद्या हे बंद पडले, तर आपले काय आपल्यापाशी उरेल? याचे समाधानकारक उत्तर मिळाले, तर साधन घरचे की बाजारचे, हा वाद आपोआप मिटेल; आणि पुढच्या जूनमध्ये कोणत्याही वडिलांना तो प्रश्न आम्हांला करावा लागणार नाही.