पाहिलेले सारे खरेच असते का?

श्रावणात नागपंचमी जवळ आली की सांगली जिल्ह्यातील शिराळा गावाचे नाव जिकडेतिकडे ऐकू येऊ लागते. 'बत्तीस शिराळा' म्हणून हे गाव प्रसिद्ध आहे. तेथे एक कथा सांगतात. गोरक्षनाथ एका घरी भिक्षेला आले. घरातील बाई मातीच्या नागाची पूजा करीत होत्या, म्हणून भिक्षा वाढायला उशीर झाला. तेव्हा नाथांनी तो मातीचा नाग जिवंत केला आणि गावात जिवंत नागाची पूजा सुरू झाली. पुढे कित्येक वर्षे तेथील लोक नाग पकडून मडक्यांत ठेवीत, पंचमीला त्यांची मिरवणूक काढीत आणि नंतर त्यांना सोडून देत.

विद्यार्थी मित्रांनो, ही कथा खरी की खोटी? खरे तर कथेला हा प्रश्न विचारण्याचे कारण नाही. शेतातले उंदीर खाणाऱ्या नागाविषयी शेतकऱ्याला वाटणारी भीती आणि कृतज्ञता या कथेत साठवलेली आहे. मात्र 'नाग दूध पितो' हे वाक्य निराळ्या जातीचे आहे. ते एका प्राण्याविषयीचे विधान आहे आणि विधान तपासून पाहता येते. आपण ते तपासू या.

नाग आणि दूध

दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिलांचे अन्न. नाग हा सरपटणारा प्राणी. त्याची पिले अंड्यातून बाहेर येतात, ती आईचे दूध पीत नाहीत. उंदीर, बेडूक, पक्ष्यांची अंडी हे नागाचे अन्न. दूध पचविण्याची सोय त्याच्या शरीरात नाही. दुभंगलेल्या जिभेने तो वास टिपतो. त्या जिभेने दूध चाटता येत नाही.

"पण आम्ही तर त्याला वाटीत तोंड घालताना पाहिले आहे!" असे कोणी म्हणेल. पाहिले असेल. गारुड्याच्या टोपलीतला नाग कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला असतो. तहानेने व्याकूळ झालेला प्राणी समोर येईल तो पातळ पदार्थ गिळतो. त्यातले दूध श्वासमार्गात शिरले तर फुप्फुसाला सूज येऊन तो मरूही शकतो. म्हणजे दिसले ते खरे, पण त्याचा लावलेला अर्थ खोटा. नाग दूध 'आवडीने' पीत नव्हता, तो तहानलेला होता.

पुंगी आणि फणा

तीच गोष्ट पुंगीची. नागाला बाहेरचा कान नाही. जमिनीतील कंपने जबड्याच्या हाडांतून त्याच्या अंतःकर्णापर्यंत पोहोचतात. 'साप ठार बहिरा असतो' असे पूर्वी पुस्तकांत लिहीत, पण तेही पूर्ण खरे नाही. हवेतून येणारे खालच्या पट्टीचे आवाज सापांना जाणवतात, असे अलीकडच्या प्रयोगांत दिसून आले आहे. मात्र टोपलीतला नाग संगीताने डोलत नाही. पुंगीचे टोक जिकडे हलेल तिकडे तो तोंड वळवतो, कारण त्याला ते टोक शत्रू वाटते. फणा काढणे हा आशीर्वाद नव्हे. "दूर राहा" असा तो इशारा असतो.

आता एक गंमत ऐका. १९५४ च्या 'नागिन' या हिंदी चित्रपटातील बीनच्या सुरांनी सारा देश डोलला. पण ते सूर बीनचे नव्हतेच! कल्याणजी यांनी ते क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर वाजविले होते. नाग पुंगीवर डोलतो ही समजूत अशा चित्रपटांनी घरोघर पक्की केली आणि त्यातली पुंगीसुद्धा नकली होती.

'सत्य' चित्रपटाची गोष्ट

चित्रपट तर काल्पनिकच असतो, असे तुम्ही म्हणाल. मग 'सत्य' म्हणून दाखविलेले पाहा. १९५८ साली डिस्ने कंपनीने 'व्हाइट विल्डरनेस' हा निसर्गपट काढला. उत्तर ध्रुवाकडील लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी झुंडीने कड्यावरून समुद्रात उड्या घेऊन जीव देतात, असे त्यात दाखविले होते. या चित्रपटाला ऑस्कर पारितोषिकही मिळाले. पुढे १९८२ मध्ये कॅनडाच्या दूरदर्शनने शोध घेतला, तेव्हा खरा प्रकार उघडकीस आला. ती दृश्ये कॅनडातील अल्बर्टा प्रांतात घेतली होती आणि त्या प्रांताला समुद्रकिनाराच नाही! प्राणी बाहेरून आणले होते आणि त्यांना कड्यावरून ढकलण्यात आले होते. लेमिंग आत्महत्या करीत नाहीत. पण जगातल्या असंख्य लोकांनी ते 'डोळ्यांनी पाहिले' होते.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. नागमण्याची, सूड घेणाऱ्या नागिणीची दृश्ये मोबाइलवर घटकाभरात गावोगाव पोहोचतात. कॅमेरा समोरचे टिपतो. चौकटीच्या बाहेर काय आहे आणि चित्रणाआधी काय घडले, हे तो सांगत नाही.

वाचलेल्यांच्याच गोष्टी

यात बिघडले कुठे? बिघडते ते सर्पदंश झाल्यावर. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असावीत, असा संशोधकांचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार! त्यांतील अनेकांना आधी मांत्रिकाकडे नेले जाते. "आमच्या गावात मंत्राने माणसे वाचली आहेत," असे लोक सांगतात. ते खोटे बोलत नसतात. समजा, शंभर जण मांत्रिकाकडे गेले. त्यांतील सत्तरांना बिनविषारी साप चावला होता. ते वाचणारच होते. काहींना विषारी साप चावूनही विष अंगात गेले नव्हते, तेही वाचले. हे सारे घरी येऊन मंत्राची थोरवी सांगतात. जे दगावले ते सांगायला येत नाहीत. म्हणून गोष्ट एकाच बाजूची होते.

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि अशी विधाने तपासण्याची सवय गावोगाव नेली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते झटले, तो त्याच वर्षी झाला. सर्पदंश झालेल्या माणसाला डॉक्टरी उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला आहे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या आपल्याकडील चार प्रमुख विषारी सापांच्या विषावर प्रतिविष मिळते. साप चावल्यास माणसाला धीर द्या. चावलेला अवयव हलू देऊ नका. जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. ताबडतोब दवाखाना गाठा.

शिराळ्यातही बदल झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडण्यास बंदी आहे. न्यायालयाच्या आदेशांनंतर तेथे नागाच्या प्रतिमेची पूजा होऊ लागली. २०२५ साली केंद्र सरकारने मोजक्या व्यक्तींना नाग पकडण्याची परवानगी दिली, ती केवळ शैक्षणिक कारणासाठी. गोरक्षनाथांची कथा मात्र आजही सांगितली जाते. नागाला दूध न पाजल्याने तिचे काही अडत नाही.

यापुढे एखादे नवलाचे दृश्य पाहाल तेव्हा चार प्रश्न जरूर विचारा. हे कोणी, कोठे, केव्हा टिपले? त्याआधी आणि नंतर काय घडले? याला दुसरे साधे कारण असू शकेल का? आणि ज्यांच्या बाबतीत उलटे घडले, त्यांची गोष्ट कोठे आहे? उत्तर मिळेपर्यंत ते दृश्य पुढे कोणाला पाठवू नका.