कॉम्प्युटर लावला की घरातली लाईट का जाते?



गळीत हंगाम आटोपला की आपल्यापैकी बऱ्याच जणांची एक फेरी मुंबईकडे होतेच. पोरं-सुना तिकडे नोकरीला. यंदा आमची फेरी पनवेलजवळ करंजाडे येथे झाली. सिडकोच्या या वसाहतीत आमचा पुतण्या राहतो आणि कंपनीचे काम घरूनच कॉम्प्युटरवर करतो. संध्याकाळी पोचलो तर घरात अंधार, आणि पुतण्या दारामागच्या बोर्डापुढे स्टुलावर उभा!

"काका, कॉम्प्युटर चालू केला की लाईट जाते. पंधरा दिवस झाले, रोज संध्याकाळी हेच. साहेब लोक आता ऐकून घेत नाहीत."

दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटर दुकानात नेऊन दिवसभर चालवला. काही झाले नाही. तरी त्याने आतला पॉवर सप्लाय बदलला आणि बिल लावले. घरी आणल्यावर पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मग एका वायरमनने तोड काढली, "पिनेची अर्थिंगची वायर तोडून टाका, नाहीतर हा खटकाच काढून लाईन थेट जोडतो." घरची मंडळी इतकी वैतागली होती की राजी झाली होती. आम्ही हात धरला. ओल्या बांधावर मोटारीच्या पेटीला हात लागून माणूस कसा जातो, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको.

आधी पडतो तो खटका कोणता, ते पाहिले. बोर्डात अरुंद खटके असतात ते एम.सी.बी. भार जास्त झाला किंवा शॉर्ट झाले की ते पडतात. घरगुती कॉम्प्युटर दोन-तीनशे वॅटचा, म्हणजे जेमतेम एक-दीड अँपिअरचा. एवढ्या भाराने सहा अँपिअरचा एम.सी.बी. पडत नाही. इथे पडत होता तो त्यांच्या शेजारचा रुंद खटका, ज्यावर 'टेस्ट'चे बटण असते. तो आर.सी.सी.बी.

त्याचे काम पाटकऱ्यासारखे. फेजने गेलेली वीज न्यूट्रलने तेवढीच परत आली पाहिजे. पाटाने सोडलेले पाणी शेवटाला कमी पोचले, तर वाटेत कुठेतरी फुटले आहे. घरात बसवतात तो खटका 30 मिलिअँपिअरचा असतो. एवढी तूट आली की तो पडायलाच हवा, आणि 15 च्या पुढे केव्हाही पडू शकतो. आता कॉम्प्युटरचा सप्लाय स्वतःच एखादा मिलिअँपिअर अर्थिंगकडे सोडतो. त्याची रचनाच तशी, तो दोष नव्हे. पण घरात आधीच कुठे गळती असेल, तर शिव्या मात्र कॉम्प्युटरला बसतात.

म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे एम.सी.बी. खाली पाडले, फक्त कॉम्प्युटरच्या खोलीचा वर ठेवला. कॉम्प्युटर लावला. खट्! खरं सांगतो, आम्हीही चक्रावलो. म्हटलं, दुकानदार खोटा आणि कॉम्प्युटरच चोर की काय?

पण एम.सी.बी. पाडल्याने बहुधा नुसती फेज तुटते, न्यूट्रल जोडलेलीच राहते. हे ध्यानात आल्यावर मेन बंद करून घरातली एकूण एक पिन उपसली. फ्रिज, वॉशिंग मशीन, पाण्याचा फिल्टर, न्हाणीघरातला गिझरसुद्धा. मेन लावली, कॉम्प्युटर लावला. तासभर चालला! मग दर वेळी मेन पाडून एकेक पिन परत घालत गेलो. गिझरची पिन घातली, त्याचे बटण बंदच होते, आणि कॉम्प्युटर लावताच खट्!

गिझर उन्हाळा लागल्यापासून कुणी वापरलाच नव्हता, म्हणून संशय आला नाही. त्याचे एलिमेंट फुटून आत पाणी शिरले होते. बटण बंद, तरी न्यूट्रल त्या पाण्यातून अर्थिंगला टेकलेली. कॉम्प्युटर लावताक्षणी विजेचा एक मोठा हिसका बसतो. परतीची थोडी वीज न्यूट्रल सोडून या फुटलेल्या वाटेने जायची, आणि खटका तूट पकडायचा. संध्याकाळी सगळ्या बिल्डिंगचा भार चढलेला, त्यामुळे तेव्हाच जास्त. दुकानात गिझर कुठला? कॉम्प्युटर तिथे बिनबोभाट चालणारच.

त्या वायरमनचे ऐकले असते तर? लाईट गेली नसती. पण थंडीत कुणीतरी गिझर लावून अंघोळीला बसले असते, तेव्हा पाण्यात उतरलेली वीज ओळखून तोडणारा खटकाच बोर्डात नसता.

आपल्या वस्त्यांवरही आता मुलांसाठी कॉम्प्युटर आले आहेत. महावितरण होऊन वीस वर्षे झाली, आपण अजून 'बोर्डाची लाईट'च म्हणतो, आणि तीन पिनांपैकी जाड पिन मोडून दोन भोकांच्या सॉकेटात घालण्याची खोडही जुनीच आहे. बऱ्याच घरांत आर.सी.सी.बी. नाही. असला तर महिन्यातून एकदा 'टेस्ट' दाबावे. खटका पडला नाही तर तो निकामी समजावा. अर्थिंगच्या खड्ड्यात चैत्र-वैशाखात दोन बादल्या पाणी ओतावे. पिना उपसून पाहणे घरच्या माणसाने मेन बंद करून जरूर करावे, पण बोर्ड उघडायचा तो परवानाधारक वायरमननेच.

करंजाड्याला गिझरचे एलिमेंट बदलले. त्याला दुरुस्तीवाल्याच्या बिलापेक्षा कमीच पैसे पडले. पुतण्याने ते जुने बिल बोर्डाच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवले आहे.