१२० तासांत काय शिकायचं? बी.कॉम. आणि इंटर्नशिप

आज पालकही बरेच आलेत, म्हणून एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बी.कॉम.ला प्रथम वर्ग मिळवलेली मुलं पहिल्या नोकरीत का गडबडतात? 'मुलांना काही येत नाही' असं म्हणून आम्ही व्यवसायातले लोक मोकळे होतो. ते खरं नाही. त्यांना बरंच येतं. पण जे येतं आणि जे ऑफिसात लागतं, यात एक फट आहे. ती एका बिलावर दाखवतो.

समजा, पुण्यातल्या दुकानदाराने नाशिकच्या व्यापाऱ्याकडून १ लाखाचा माल घेतला. १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल १ लाख १८ हजारांचं. नोंद तुम्ही झोपेतही कराल: खरेदी नावे १ लाख, सीजीएसटी नावे ९ हजार, एसजीएसटी नावे ९ हजार, व्यापारी जमा १ लाख १८ हजार. परीक्षेत इथे पूर्ण गुण मिळतात. ऑफिसात काम इथून सुरू होतं.

त्या १८ हजारांचं क्रेडिट मिळतं कधी? व्यापाऱ्याने स्वतःच्या जीएसटीआर-१ मध्ये हे बिल दाखवलं, तर. दरमहा रिटर्न भरणाऱ्याला त्याची मुदत पुढच्या महिन्याची ११ तारीख. १४ तारखेला पोर्टलवर आपल्या दुकानदाराचं २बी तयार होतं. त्यात बिल दिसलं नाही, तर १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे त्या महिन्यात क्रेडिट नाही. मग २० तारखेला ३बी भरताना तेवढा कर खिशातून भरायचा. पुढे बिल दिसलं की क्रेडिट मिळेल, पण तोवर पैसे अडकले ना! छोट्या दुकानदाराला १८ हजार म्हणजे एखाद्या माणसाचा पगार.

चांगला शिकाऊ मुलगा किंवा मुलगी इथे काय करते? बिल हातात आलं की त्यावरचा आपला जीएसटी नंबर आधी बघते. १५ अक्षरं असतात. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं पॅनची. त्यात चूक असेल तर बिल आपल्या २बीमध्ये येणारच नाही. मग १० तारखेच्या आत व्यापाऱ्याला फोन: "काका, आमचं बिल रिटर्नमध्ये घेताय ना?" हा फोन कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. नोकरीसाठी तयार असणं म्हणतात ते हेच. नोंदीच्या पुढे काय होणार, ते दिसलं पाहिजे.

आता इंटर्नशिपकडे येऊ. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीत प्रत्यक्ष कामाला क्रेडिट आलेत. इंटर्नशिपचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, चार क्रेडिट म्हणजे १२० तास. आठ तासांचे फक्त पंधरा दिवस! सी.ए.च्या आर्टिकलशिपला, ती तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आल्यानंतरही, याच्या कितीतरी पट वेळ मिळतो. म्हणून आपले पंधरा दिवस झेरॉक्स काढण्यात आणि फायली लावण्यात गेले, तर सर्टिफिकेट मिळेल, पण मुलाखतीत तोंड उघडता येणार नाही.

माझं सांगणं असं, की दिवस निवडून घ्या. महिन्याच्या ६ ते २० तारखा बघा. ७ तारखेला टीडीएस भरायचा असतो, ११ला जीएसटीआर-१, १४ला २बी, २०ला ३बी. हिशेबाच्या ऑफिसातला खरा महिना या दोन आठवड्यांत असतो. रविवार-सुट्ट्या धरून थोडं पुढे-मागे होईल, चालेल.

आणि पहिल्याच दिवशी नम्रपणे मागा: "सर, एका पार्टीचं एका महिन्याचं काम मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू द्या. तुम्ही तपासा." खरेदीची बिलं, बँकेचा मेळ, २बीशी ताळा. चुका होतील. चूक लपवू नका, लगेच सांगा. १२ तारखेला सांगितलेली चूक सुधारता येते, २१ तारखेला कळलेली महागात पडते.

ऑफिस चालवणाऱ्यांनाही एक विनंती. रोज अर्धा तास या मुलांसाठी काढा. उद्या तुम्हालाच माणूस हवा असतो.

मुलाखतीत "टॅली येतं का?" असं विचारतील. "हो" म्हणून थांबू नका. "एका पार्टीच्या २बीमध्ये अमुक बिलं दिसत नव्हती, ती मी अशी शोधली," असं सांगा. पार्टीचं नाव मात्र सांगू नका, तोही या कामाचाच धडा आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.