वेठ, यंत्र आणि गटार

रोबो हा शब्द आता शाळेतल्या पोरांच्याही तोंडी आहे. पण तो आला कोठून, हे ठाऊक असलेली माणसे थोडी. कारेल चापेक नावाच्या चेक लेखकाने १९२० साली एक नाटक लिहिले. त्यात कारखान्यात तयार होणारी कृत्रिम माणसे होती. त्यांना काय म्हणावे हे त्याला सुचेना, तेव्हा त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने, 'रोबोट' हे नाव सुचवले. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळांनी फुकट राबायचे ते काम. म्हणजे आपली वेठच की! तेव्हा 'यंत्रमानव' ह्या आपल्या शब्दापेक्षा 'वेठ्या' हाच शब्द मुळाला अधिक धरून झाला असता.

यंत्रमानव म्हटले की पत्र्याचा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. खऱ्या यंत्रमानवांपैकी बहुतेकांना ना डोके, ना पाय. कारखान्यात कामाला लागलेला पहिला यंत्रमानव म्हणजे नुसता एक अवजड हात होता. १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात तो बसवला. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलायचे, एवढेच त्याचे काम. माणसाचा हात तेथे भाजे. ह्याचा भाजत नसे. नेमून दिलेल्या हालचाली तो जशाच्या तशा पुन्हा पुन्हा करी. त्यात अक्कल म्हणाल तर काही नव्हती.

दवाखान्यातही हेच समजून घ्यावे. 'रोबोने ऑपरेशन केले' असे वर्तमानपत्रात छापून येते, आणि आपल्या म्हातारीला वाटते की डॉक्टर घरी गेले आणि यंत्राने पोट फाडले! तसे नाही. सर्जन थोड्या अंतरावर बसून पडद्यावर आतला भाग मोठा करून पाहतो आणि हातातल्या मुठी हलवतो. त्याच्या हाताची हालचाल लहान होऊन बारीक हत्यारांपर्यंत पोचते आणि हाताचा कंप मध्येच गाळला जातो. ७ सप्टेंबर २००१ रोजी तर सर्जन न्यूयॉर्कला आणि रोगी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला, असे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. मध्ये सबंध अटलांटिक महासागर! तरी कापले ते सर्जननेच. रोग्याजवळ दुसरे डॉक्टर हजर होते, हे मात्र विसरू नये.

हॉलंडमध्ये १९९२ पासून यंत्र गाईंच्या धारा काढते. गाय आंबोणाच्या लोभाने आपण होऊन आत येते, यंत्र तिचे सड शोधून त्यांना पेले लावते. दारात दोन म्हशी असलेल्याने त्याची उठाठेव करू नये.

आपल्याशी ज्याचा खरा संबंध आहे तो यंत्रमानव वेगळाच. तो केरळातल्या तरुण इंजिनियरांनी केला आणि २०१८ साली तिरुवनंतपुरमला गटारे साफ करू लागला. त्याचे नाव 'बँडिकूट', म्हणजे आपली घूस. मॅनहोलच्या तोंडावर तो पाय रोवून उभा राहतो, आपला हात खाली सोडतो, आणि गाळ, चिंध्या, दगड बादलीत भरून वर काढतो. त्यावर कॅमेरे आहेत, विषारी वायू ओळखणारी साधने आहेत. चालवणारा रस्त्यावर उभा राहून पडद्यावर पाहतो.

ह्याची गरज का पडली? गटारात नि मैल्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू साचतो. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पण वायू फार असला की नाकच बधिर होते. माणसाला वाटते, वास गेला, आता भीती नाही. आणि तो कोसळतो. वरून शांत दिसणारा गाळ ढवळला की आतला वायू एकदम सुटतो. आडात उतरण्यापूर्वी आपण कंदील सोडून पाहतो, तो पडताळा येथे चालायचा नाही. ज्योत न विझूनही हा वायू जीव घेईल, आणि मिथेन असला तर ज्योतीने भडकाच उडेल.

एक पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, आणि तोही वर येत नाही. २०१५ साली कोळिकोडला दोघे कामगार मॅनहोलमध्ये गुदमरले, तेव्हा रस्त्यावरचा एक रिक्षावाला त्यांना वाचवायला धावला. तिघेही गेले. आता गावोगाव संडास झाले, त्यांच्या टाक्या झाल्या. म्हणून गुरुजींनी ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी. टाकीत पडलेल्यामागे उतरू नये, वरूनच दोर टाकावा, अग्निशामक दलाला बोलवावे.

कायदा आहे. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांवाचून माणसाला गटारात वा टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरला. अशा मृत्यूला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख ठरवली होती, ती २०२३ साली तीस लाख केली. तरीही माणसे उतरतात, कारण कंत्राटदाराला यंत्रापेक्षा माणूस स्वस्त पडतो. आणि उतरणारा बहुधा ठराविक जातींतलाच असतो, हे सांगताना मला तरी लाज वाटते.

"मग यंत्र आलं की ह्यांच्या पोटाचं काय?" असे कोणी विचारील, आणि ते विचारलेच पाहिजे. केरळात पूर्वी गटारात उतरणाऱ्यांनाच हे यंत्र चालवायला शिकवले गेले. हे आपोआप घडत नाही. नगरपालिका यंत्र घेईल तेव्हा ते कोण चालवणार आणि कोणत्या पगारावर, हे खरेदीच्या ठरावातच लिहून घ्यावे लागते. नाहीतर चालवायला बाहेरचा माणूस येतो, आणि अरुंद गल्लीत जेथे यंत्र शिरत नाही तेथे उतरायला पुन्हा तोच जुना माणूस बोलावतात.