लाकूड बोलते, रोगण राखते

मैफल सुरू होण्यापूर्वी तंबोरे जुळू लागले की सभागृह आपोआप शांत होते. तो नाद तारेचा, असे आपण समजतो. वस्तुतः एकटी तार फार बारीक. तिच्याने हवा फारशी हलत नाही. तिचे कंपन घोडीवाटे तबलीत उतरते आणि रुंद तबली हवेला हलवते. म्हणून लाकडाचा विचार करावयाचा.

त्यासाठी मिरजेस जावे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंतुवाद्यांकडे वळले, आणि पुढील पिढ्यांनी तो व्यवसाय नावारूपास आणला. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा मंगळवेढ्याच्या बाजूचा, लाकूड तुणीचे. तूणच का? हलके असून ताठ असते म्हणून. जड फळी हलण्यास आळस करते, तर पोचट फळी कंपन गिळून टाकते. नाद लाकडाच्या रेषेने जितका वेगाने धावतो तितका आडवा धावत नाही. त्यामुळे फळी कोणत्या अंगाने कापली हेही महत्त्वाचे.

मात्र सर्व श्रेय लाकडास देऊ नये. तंबोऱ्याची जवारी घोडीच्या किंचित गोलाईत आहे; तारेचे तिला होणारे हलके स्पर्श वरचे स्वर जागे ठेवतात. चंद्रशेखर रामन यांनी १९२१ च्या सुमारास याचा शास्त्रीय विचार केला होता.

आता रोगण. स्पिरिटात विरघळविलेल्या लाखेचा पातळ हात आवाज निर्माण करीत नाही. तो लाकूड राखतो. आपल्याकडे वैशाखात लाकूड सुकून आकसते, आषाढात ओल पिऊन फुगते, आणि या ओढाताणीत तबलीस चीर जाते. रोगण ही ये-जा मंदावते. पण तोच थर जाड झाला की तबलीवर ओझे पडते व नाद दबतो.

ध्वनिक्षेपकाच्या पेटीचा न्याय नेमका उलटा. तेथे बोलावयाचे पडद्याने. पेटीने गप्प राहावयाचे. म्हणून ती जाड, जड आणि आतून आडव्या पट्ट्यांनी बांधलेली हवी. तंबोऱ्यासारखी हलकी पेटी स्वतःचाच सूर मिसळील.

श्रोतेहो, घरात आजोबांचा तंबोरा असेल तर तो झळकावा म्हणून त्यावर तैलरंगाचे थर चढवू नका. मऊ कापडाने पुसा, ऊन व ओल यांपासून जपा, आणि चीर दिसली तर कारागिराकडे न्या. एकदा जाड रंगाखाली दबलेला आवाज परत मिळविणे सोपे नसते.